वातावरण नव्हे, अस्तर

अक्का, ग्रंथालयाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा सोबत एक छापील कागदही दिला. जन्मगाव, शिक्षण, व्यवसाय, मागे कोण कोण. तो कागद मी महेशकडे दिला. तुझ्या मुलाला हे सगळं माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे, आणि रकाने भरताना त्याला जरा बरंही वाटेल. मला तुझ्याशी एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तू गेल्याला सव्वीस दिवस झाले आणि मी अजून त्या शब्दापाशीच आहे.

तू मला मास्तरीण म्हणायचीस. अंबरनाथच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण तुझ्या हाकेत त्याचा आदर कधी नव्हता. "या मास्तरीणबाई, चप्पल घालूनच या, सुया सांडल्यात," असं तू निर्वासितांच्या जुन्या कॅम्प दोन वस्तीतल्या तुझ्या शिलाईच्या दुकानातून ओरडायचीस. खाली मशीन आणि कापायचं टेबल, वर पोटमाळा, एवढ्यात तुझी बत्तीस वर्षं गेली. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी यायची आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पुस्तक उघडून बसायची. तासभर कोणी बोलायचं नाही. मग तू मशीन थांबवून विचारायचीस, "काय म्हणतंय पुस्तक?" मी सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला म्हणायचीस, "हां, पण म्हणजे काय ते सांग."

आपल्यात वाटणीच तशी होती. तू आठवीनंतर शिलाईला बसलीस, मी शिकले. घरात कुठलाही फॉर्म, कोर्टाचा कागद, डॉक्टरची चिठ्ठी आली की ती माझ्याकडे यायची आणि मी म्हणेन तो तिचा अर्थ. तू कधी दुसऱ्याला विचारून खात्री केली नाहीस. ब्लाउजचं माप तू दोनदा घ्यायचीस. माझा शब्द एकदाच.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि तुझी पाठदुखी पाठीची नाही, स्वादुपिंडाची आहे, असं निघालं. मुंबईच्या हॉस्पिटलातली ती तरुण डॉक्टर आठवते? दक्षिणेकडची, हिंदी जेमतेम, त्यामुळे दर दोन शब्दांनी इंग्रजीत शिरायची. पण तिने वेळ दिला. गाठ एका रक्तवाहिनीला बिलगली आहे, आत्ता ऑपरेशन नाही, आधी औषधं देऊ, असं म्हणाली. मग कागदावर एक गोल काढून तिने त्याच्याभोवती बऱ्याच रेघा मारल्या आणि सांगितलं की स्वादुपिंडातल्या गाठीत कॅन्सरच्या पेशी त्या मानाने थोड्या असतात, त्यांच्याभोवती जमलेलं बाकीचंच फार असतं. त्या बाकीच्याला ती जो इंग्रजी शब्द वापरत होती तो मी वहीत लिहून घेतला.

बाहेर बाकावर बसल्यावर तू विचारलंस, "ते एन्व्हायरन का काय म्हणत होती, ते काय गं?"

पुढचे नंबर पुकारले जात होते. महेश औषधांच्या रांगेत होता. मी म्हणाले, "वातावरण. गाठीच्या आजूबाजूचं वातावरण तिला वाढायला मदत करतं. नुसतं गाठीवर औषध देऊन भागत नाही, वातावरणही बदलावं लागतं."

"असं होय," तू म्हणालीस आणि पिशवीतून पोळीचा डबा काढलास.

निवृत्त झाल्यापासून मी आरोग्याच्या पत्रकांची भाषांतरं करते हे तुला माहीत आहे. एकेका शब्दावर दोन दोन दिवस घालवते. त्यावरून तू मला हसायचीस. तुला जो शब्द दिला त्याच्यावर मी डब्याचं झाकण निघेपर्यंतचा वेळसुद्धा घालवला नाही. मूळ इंग्रजी शब्दाच्या आधी 'मायक्रो', म्हणजे 'सूक्ष्म', होतं, तेही गाळलं. तुला सोपं जावं म्हणून.

त्यानंतर तीन आठवडे तू काही बोलली नाहीस. नवरात्राच्या नऊ रंगांचे ब्लाउज होते, ते सगळे पुरे केलेस. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी महेशला फोन करून सांगितलंस, "बदलापूरला येते मी. कायमची." तो पाच वर्षं तुझ्या मागे लागला होता. सहावा मजला, लिफ्ट, गॅलरीतून डोंगर, सूनबाईंचा स्वभाव चांगला. आम्हाला इतकं बरं वाटलं की हे आता का, असं कोणीच विचारलं नाही. मला वाटलं, थकलीस. मशीनवर चादर घातलीस आणि आलीस.

बदलापुरात तुझं काही वाईट चाललं नव्हतं. सूनबाई प्रिया पथ्याचं सगळं वेळेवर करायची. दर पंधरा दिवसांनी केमो, त्यानंतरचे तीनचार दिवस झोप, मग जरा तोंडाला चव. मी एक दिवसाआड अंबरनाथहून यायची. गॅलरीतल्या खुर्चीत शाल घेऊन बसलेली तू मला पाहुण्यासारखी दिसायचीस. मजल्यावर चार दारं, चारही बंद. एकदा म्हणालीस, "इथे कुणाचं काही उसवतच नाही गं."

मी हसले होते. त्या वाक्यात काय होतं ते मला ऐकू आलं नाही.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले. आदल्याच आठवड्यात स्कॅनचा रिपोर्ट आला होता. गाठ तेवढीच होती, किंचित मोठीच. तू वडी तोंडात न टाकता हातात धरलीस.

"मास्तरीणबाई, तुमचं वातावरण काय चाललं नाही."

"कसलं वातावरण?"

"कसलं म्हणजे? तूच ना सांगितलंस बाकड्यावर. आजूबाजूचं वातावरण गाठीला वाढवतं म्हणून. मागचा नाला सोडला. जीन्स धुतात त्याचा वास सोडला. शेजारच्या ईश्वरीच्या तळणीचा धूर सोडला. तीन महिने डोंगराची हवा खाल्ली. आता काय महाबळेश्वरला जाऊ?"

तू हे चेष्टेत बोललीस. प्रिया आतून हसली. मी चहा टाकते म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. प्रियाने दोनदा विचारलं, "मावशी, साखर कुठे शोधताय, समोर आहे."

त्या दिवशी मी काही बोलले नाही. त्यानंतर दोनदा आले तेव्हाही नाही. घरी बसून त्या विषयावरचं मिळेल ते वाचत होते. खरं तर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाचत होते तोवर सांगावं लागत नव्हतं, एवढंच. त्या हवेबद्दल मला एक नीट म्हणायचं आहे. बाहेरची हवा, पाणी, कारखाने यांचा कॅन्सरशी कधीच संबंध नसतो असं कोणी म्हणणार नाही. पण ती डॉक्टर त्याबद्दल बोलतच नव्हती. ती बोलत होती गाठीच्या आतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेजाराबद्दल. तो तू बदलापूरला आलीस तसा तुझ्याबरोबर आला होता.

आठवड्याने मी धीर केला. प्रिया भाजी आणायला गेली होती. मी कागद-पेन्सिल काढली तर तू म्हणालीस, "चित्र नको. म्हणजे काय ते सांग."

मी सांगितलं. जखम झाली की ती भरून काढणाऱ्या पेशी आपल्या अंगात असतात, त्या धागे तयार करतात. गाठीपाशीही त्या जमतात आणि जखम अजून भरलेली नाही अशा समजुतीत धागे विणत राहतात, थांबतच नाहीत. मग गाठीभोवती आणि गाठीच्या आतही एक घट्ट, जाडसर विणकाम तयार होतं. त्याने दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपतात. औषध रक्तातून येतं, तर ते आत पुरेसं पोचत नाही. आत प्राणवायूही कमी पडतो आणि तेवढ्यावर जगणाऱ्या पेशी आणखी चिवट होतात. रोगाशी लढणाऱ्या आपल्या पेशी असतात, त्यातल्या काही दारातच अडतात, काही आत जातात आणि गाठीचंच काम करायला लागतात.

तू मधे एकही प्रश्न विचारला नाहीस. संपल्यावर म्हणालीस, "म्हणजे अस्तर."

"कसलं अस्तर?" मी विचारलं.

"अगं, ब्लाउजला अस्तर लावतो ते. ते आधी पाण्यातून काढून वाळवलं नाही तर पहिल्या धुण्यात आवळतं. वरचं कापड चांगलं असतं, पण बाई येऊन कापडाला नावं ठेवते. इस्त्री वरून किती फिरवा, चुणी जात नाही, कारण चुणी आतून आहे. तुझं औषध म्हणजे वरून इस्त्री."

"तसंच काहीसं."

"मग उसवा की अस्तर."

"करून पाहिलंय लोकांनी. काही औषधांनी ते विणकाम कमी केलं, तर गाठ उलट जास्त फोफावली. कारण तेच तिला धरूनही ठेवत होतं."

हे मी वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं होतं. तुला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "ते असतंच," तू म्हणालीस. "विरलेलं कापड अस्तरावरच उभं असतं. म्हणून उसवायचं नसतं. टाके सैल करायचे. बघून बघून, एकेक."

अक्का, आज जगभरची हुशार माणसं साधारण तिथेच येऊन पोचली आहेत. गाठीचा शेजार पाडून टाकण्याऐवजी त्याला वळणावर आणता येईल का, असं शोधत आहेत. तुझ्या वेळेपर्यंत त्यातलं हाताशी फारसं काही आलं नव्हतं. पण त्या दुपारी मी शिक्षिका असल्याचं विसरून तुझ्याकडे पाहत राहिले होते. पंचवीस पानांत जे मला धड सांगता येत नव्हतं ते तू एका ब्लाउजात सांगितलंस. त्याबद्दल मी तुला काहीच म्हणाले नाही. छान म्हणाले असते तरी चाललं असतं.

म्हणायला वेळच मिळाला नाही, कारण तू पुढे म्हणालीस, "अस्तर म्हणाली असतीस तर मी कॅम्प सोडला नसता."

तक्रार नव्हती त्यात. कापड एवढं लागेल, असं तू गिऱ्हाइकाला सांगायचीस, तसा आवाज होता. मग तू विचारलंस, "वातावरण हा शब्द कुणाचा? तुझा का तिचा?"

"डॉक्टरचा," मी म्हणाले.

"मराठी येत होतं तिला?"

"थोडं थोडं."

तू शालीचा काठ सरळ केलास. "हुशार आहे पोरगी," म्हणालीस.

ते तिच्याबद्दल होतं की माझ्याबद्दल, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी खोटं का बोलले हे मला नक्की सांगता येतं, आणि ते सांगायला लाज वाटते. तुझ्या रागाची भीती नव्हती. तू रागावून रागावून किती रागावणार होतीस. पण उभ्या आयुष्यात मी तुला दुसरं काही दिलं नव्हतं. मला स्वयंपाक येत नाही, मी तुझ्या बाळंतपणात उपयोगी पडले नाही, भाऊजी गेले तेव्हाही दारात पुस्तकासारखी उभी होते. फक्त शब्दांचं काम माझं होतं. त्यातही चुकले हे तुझ्या तोंडून ऐकायला मी तयार नव्हते.

त्याच संध्याकाळी तू महेशला म्हणालीस, "मला कॅम्पात परत नेऊन सोड." तो म्हणाला, एवढा केमो होऊ दे आई. तो झाला तर पांढऱ्या पेशी उतरल्या. त्या वर आल्या तर कावीळ झाली, नळी बसवावी लागली. महेश चूक नव्हता. पोटमाळ्याचा तो लोखंडी जिना तुला चढता आला नसता. तुला परत नेता येईल असा काळ दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा होता. तो तू डोंगराकडे बघत काढलास.

फेब्रुवारीत एक दिवस बरा गेला म्हणून आपण रिक्षाने दुपारपुरतं गेलो. ईश्वरी ओट्यावर पापड वाळत घालत होती. इतकी वर्षं भिंतीला भिंत, तुला ती अदी म्हणायची, त्यांच्या सिंधीत बहीण. पण तू बदलापूरला गेल्यापासून ती एकदाही भेटायला आली नव्हती, आणि त्याचं मला नवल वाटत होतं.

तिने वर पाहिलं, पापड काही सोडला नाही. "आ गई? हमारा वातावरण देखने?"

"क्या बोलती है?" तू म्हणालीस.

"तू ही तो बोलके गई थी. यहाँ का वातावरण अच्छा नहीं मेरे लिए. बत्तीस साल अच्छा था, एकदम से खराब हो गया? मैंने क्या किया? मेरी बहू ने कुछ बोला?"

तेव्हा मला कळलं की तो शब्द इथेही येऊन गेला होता. ईश्वरीला तो नाल्याचा वाटला नाही, धुराचाही नाही. वातावरण म्हणजे ती, तिचं घर, गल्लीतली माणसं, असं तिने घेतलं होतं, आणि तीन-चार महिने ते उराशी धरून पापड लाटत होती.

तू ओट्यावर टेकलीस. "अगं वेडे, हवा का बोली मैं. हवा."

"हवा बोलती तो मैं पंखा लगा देती."

मग तू हसलीस. हसताना पोट दुखलं म्हणून एका हाताने पोट धरलंस आणि दुसऱ्या हाताने तिचा पदर. ती म्हणाली, "कितनी पतली हो गई रे अदी, तेरा ब्लाउज किसने सिया, झोला लग रहा है." आणि भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे केला. पापड तू खाल्लास. त्या दिवसांत तुला साधी पेज टिकत नव्हती. गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या. एकीच्या हातात फॉल निघालेली साडी होती. आजारी माणसाला कसं विचारायचं म्हणून ती मागे घेत होती, तर तू ओढून घेतलीस आणि बोलता बोलता वीतभर टाके घातलेस. पुढे बोटं चालेनात तेव्हा सुई साडीतच टोचून ठेवलीस आणि म्हणालीस, "उरलेलं मास्तरीण करेल. नको, ती वाचून दाखवेल." सगळ्या हसल्या. मीही हसले.

चार वाजता तू आपण होऊन म्हणालीस, "चल." दुकानाचं शटर उघडू का, असं मी विचारलं. नको म्हणालीस.

त्यानंतर चैत्रापर्यंत ईश्वरी दर गुरुवारी बदलापूरला यायची. शेवटचे दिवस शांत गेले, वेदनांवर औषध होतं, आणि त्या दिवसांबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. तू कॅम्पात राहिली असतीस तर जास्त जगली असतीस असंही मला म्हणायचं नाही. तसं मला माहीत नाही आणि कोणालाच सांगता येणार नाही. माणसांचा शेजार आणि गाठीचा शेजार या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा अर्थ लावला की काय होतं ते आपण भोगलं. मी एवढंच म्हणते, की तुझ्याजवळ जे थोडे बरे महिने होते ते तू तुझ्या माणसांत काढले असतेस.

तेराव्याला सगळे उठल्यावर मी महेशला त्या शब्दाचं सांगितलं. तो ताटं उचलत होता. ताटं बेसिनमध्ये ठेवून आला. म्हणाला, "मावशी, आई येते म्हणाली तेव्हा का येतेस असं मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिथेच उलगडलं असतं. मला विचारायचंच नव्हतं." त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं घरी आल्यावर वाटलं.

परवा मी ईश्वरीकडे गेले. तिलाही सगळं सांगितलं, शब्द, बाकडं, आणि तू विचारलंस तेव्हा मी काय उत्तर दिलं ते. ती पीठ मळत होती. पिठावर फडकं टाकलं. मग म्हणाली, "अदी को बताया?"

"नाही," मी म्हणाले.

"तो मेरे को क्यों बता रही है? उसको बोल."

म्हणून हे लिहिते आहे. दोन पानांची जागा होती, ती उलटून गेली, पण संपादक छापतील. नाही छापलं तरी चालेल.

अक्का, त्या डॉक्टरला मराठी येत नव्हतं. थोडंसुद्धा नाही. शब्द माझा होता.